सिंटरक्लासचा घोडा : एका डच बालचित्रपटाची पार्श्वभूमी

२००५ सालच्या या डच चित्रपटात चीनमधून नेदरलँड्समध्ये आलेली लहान मुलगी सिंटरक्लासकडे, म्हणजे डिसेंबरच्या सणात मुलांना भेटी देणाऱ्या दाढीवाल्या संताकडे, चक्क घोडा मागते. मागणी अचाट वाटली तरी ती सणाच्या रीतीला धरूनच आहे. ११ नोव्हेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी सिंटरक्लासची बोट लागते. तेव्हापासून ५ डिसेंबरपर्यंत मुलं अधूनमधून रात्री शेकोटीपाशी किंवा हीटरपाशी बूट ठेवतात आणि त्यात घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गायब, जागी चॉकलेटचं अक्षर. गावातली सगळी मोठी माणसं हे गुपित सांभाळतात. मग नव्याने आलेल्या पोरीने घोडा का मागू नये?

सिंटरक्लासच्या या घोड्याचा संबंध प्राचीन नॉर्स देव ओडिनच्या आठ पायांच्या घोड्याशी जोडला जातो, पण मधल्या शतकांतला दुवा फार कच्चा आहे. आजचा साचा १८५० च्या एका चित्रमय पुस्तकातला : आगबोट, सोबतीला नोकर आणि छपरांवरून जाणारा घोडा. १९५२ पासून आगमनाची मिरवणूक टीव्हीवर दिसू लागली. २००१ पासून सणाच्या दिवसांत मुलांसाठी सिंटरक्लासचं रोजचं बातमीपत्रही टीव्हीवर आलं. त्यात दरवर्षी काही तरी बिघडतं आणि सणापर्यंत मुलांचा जीव टांगणीला लागतो.

मिरवणुकीला पांढरा घोडा मिळवणं सोपं नसतं. असे घोडे बहुधा गडद रंगाचेच जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, त्यामुळे कोवळं जनावर रंगानेही चालत नाही आणि स्वभावानेही. बँड, फुगे, किंचाळणारी मुलं, निसरडी दगडी फरसबंदी हे सगळं त्याने सोसायचं असतं. त्यातून स्वाराचा लांब झगा घोड्याच्या मागच्या अंगावर लोंबतो. घोड्याला थेट मागचं दिसत नाही, म्हणून झगा हलला की तो बिचकतो. त्याची सवय आधीच करून घ्यावी लागते.

खरा वाद पेटला तो नोकरावरून, म्हणजे काळा रंग, कुरळा टोप आणि लाल ओठ रंगवलेल्या ‘झ्वार्टे पीट’वरून (काळा पीट). ॲमस्टरडॅमच्या २०१३ च्या मिरवणुकीच्या परवान्याला आव्हान दिलं गेलं. जुलै २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने हे रूप कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारं ठरवलं आणि महापौरांना फेरविचार करायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये वरच्या न्यायपीठाने तो निकाल फिरवला : परवाना देताना महापौरांनी सुव्यवस्था आणि सुरक्षितता एवढंच पाहायचं, कार्यक्रमाच्या आशयात शिरायचं नाही. पीट वर्णद्वेषी नाही, असं न्यायपीठाने म्हटलं नव्हतं. त्या प्रश्नाला त्याने हातच घातला नाही. तरीही समर्थकांनी तो आपलाच विजय मानला आणि पुढची कित्येक वर्षं हाच गैरसमज वादात वापरला गेला. त्या निकालानंतर तीनच दिवसांनी गौडा शहरातल्या राष्ट्रीय मिरवणुकीत ९० जणांची धरपकड झाली.

उत्तर शेवटी रंगाच्या डबीतच सापडलं. धुराड्यातून उतरणाऱ्याच्या गालावर, कपाळावर काजळीचे चार फराटे, बस. २०१९ मध्ये आपेलडोर्नच्या राष्ट्रीय मिरवणुकीत सगळे पीट असेच आले. यात अडचण एकच : फराट्यांखालचा शेजारचा काका मुलं चटकन ओळखतात. संपूर्ण वर्णद्वेषी सोंगाच्या तुलनेत ही किंमत क्षुल्लक आहे.

चित्रपट या बदलाच्या आधीचा, त्यामुळे त्यातले पीट जुन्याच रंगात आहेत. मुलांना दाखवताना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.