मडके, सही आणि प्वेब्लो कलावंतांची भूमिका

‘आमच्या भाषेत कला असा वेगळा शब्दच नाही,’ असे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या प्वेब्लो या मूळनिवासी समाजाचे, टेवा भाषा बोलणारे कलावंत सांगतात, तेव्हा त्यामागे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास असतो. जोवर मडके पाणी भरण्यासाठी, धान्य साठवण्यासाठी आणि विधींसाठी घडत होते, तोवर ते कला आहे की नाही, हे कोणी विचारलेच नव्हते.

प्वेब्लो गावांत कुंभाराचे चाक नव्हते. जमिनीची अनुमती मागून माती खणायची, तिच्यात ज्वालामुखीची राख मळायची, वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे आणि आजीकडून आलेल्या गुळगुळीत दगडाने ते घोटायचे, हे काम स्वयंपाक आणि शेतीइतकेच घरचे होते. 1880 साली रेल्वे आली, पत्र्याची आणि धातूची स्वस्त भांडी घरात शिरली, आणि मातीच्या भांड्याचा वापर घटत असतानाच प्रवाशांच्या रूपाने त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले.

सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ यांच्या आयुष्यात हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो. पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्युएट यांच्या उत्खननात जुनी खापरे सापडली आणि तशी भांडी घडवण्याचे काम मारियांकडे आले. पुढे 1919च्या सुमारास त्यांनी व त्यांचे पती जुलियन यांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. त्यासाठी भाजताना शेणाच्या भुकटीने आग कोंडली जाई. त्या धुरात लाल माती काळी पडे, घोटलेला भाग चमके आणि रंगवलेली नक्षी मंद राही. संग्राहकांना मात्र भांड्याखाली एका व्यक्तीची सही हवी होती. मारिया सही करू लागल्या, पण शेजारणींच्या भांड्यांना चांगला भाव मिळावा म्हणून त्यांवरही त्यांनी आपले नाव घातल्याचे सांगितले जाते. बाजाराच्या हिशेबाने ही गफलतच. मला मात्र प्वेब्लो दृष्टी समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण दिसत नाही, कारण ज्या गावात माती, हुन्नर आणि दगड सर्वांचे, तिथे नाव तेवढे एकटीचे कसे राहणार?

1922पासून न्यू मेक्सिकोतील सांता फे शहरात भरू लागलेल्या मूळनिवासी कलेच्या बाजाराने आणि 1932 साली तेथील इंडियन स्कूलमध्ये (‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील मूळनिवासी) सुरू झालेल्या चित्रवर्गाने उत्पन्न आणि प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येत नाही. पण ‘अस्सल इंडियन’ काय, हे बव्हंशी बाहेरचेच ठरवत राहिले. कला जगण्यातून वेगळी काढता येत नाही, हे पुढच्या पिढीला शब्दांत मांडावे लागले, ते त्यामुळेच.

सांता क्लारा या प्वेब्लो गावच्या कलावंत नोरा नारान्हो-मोर्स यांनी ही भूमिका थेट संग्रहालयाच्या दारापर्यंत नेली. 2007 साली वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयाबाहेर त्यांनी माती, गवत, लाकूड अशा साहित्यातून पाच आकृती उभारल्या आणि पाऊस-वाऱ्याने त्या हळूहळू झिजत, बदलत जाव्यात, हे रचनेतच धरले.