‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला अर्धाच

नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर पुकारला गेला, तेव्हा स्टेजच्या पायरीपाशी बाईंनी कानात सांगितलं, “घाबरू नकोस, दीर्घ श्वास घे.” मी घेतला. छाती भरून घेतला आणि तसाच धरून माइकपर्यंत गेले. पहिलं वाक्य चिरक्या आवाजात निघालं, दुसरं निघालंच नाही. बाईंचा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा मला बऱ्याच वर्षांनी शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात सापडला.

आधी थोडं भाषेविषयी. घाबरलेल्या माणसाचं वर्णन मराठीने इतकं नेमकं करून ठेवलंय की डॉक्टरांनी हेवा करावा. तोंडचं पाणी पळतं, म्हणजे लाळ कमी होते. हातपाय गार पडतात, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, कारण पचनाचं काम मागे पडतं. बोबडी वळते, आणि ती का वळते हाच या लेखाचा विषय आहे.

भाषणाची भीती ही काही भित्र्या मुलांची खोड नाही. प्रयोगशाळेत धडधाकट माणसाला खात्रीने ताण द्यायचा असेल तर शास्त्रज्ञ त्याला भाषणच करायला लावतात. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या, आणि समोर चेहऱ्यावरची रेषही न हलवणारे परीक्षक. एवढ्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बहुतेकांत दुप्पट किंवा त्याहून जास्त वाढतं.

आता छातीतल्या धडधडीकडे वळू. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलीन सुटतं आणि हृदय जोरात धावतं, असं आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण अ‍ॅड्रिनलीन उशिरा येतं. त्याआधी घडतं ते जास्त मजेदार आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यात स्वतःच्या तालाने ठोके पाडणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे 100 ठोके पाडतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे मज्जातंतू तोडलेले असतात, म्हणून ते विश्रांतीतही साधारण याच वेगाने चालतं. मग स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 70 कशी? कारण एक मज्जातंतू हृदयाचा ब्रेक सतत दाबून धरतो. त्याचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटक्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघून तो गळा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असा भटकत जातो. नाव पुकारलं गेलं की मेंदू आधी हा ब्रेक सोडतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडतो तो नंतर.

हा ब्रेक रासायनिक आहे हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली. अर्धवट जागेपणी त्यांनी ती कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाचा व्हेगस विजेने चेतवला, हृदय मंदावलं. त्या हृदयाभोवतीचा द्राव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं, व्हेगसला हात न लावता! तो पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. लोवींना 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

इथून पुढचा परिच्छेद थोडा किचकट आहे, पण मला तो गाळवत नाही. अ‍ॅसिटिलकोलीन पेशीच्या ग्राहकावर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रेणूवर, बसलं की शेजारच्या एका प्रथिनाचा तुकडा सुटतो आणि थेट पोटॅशियमची दारं उघडतो. पोटॅशियम बाहेर जातं, पेशीच्या आतला भाग जास्त ऋण होतो आणि पुढचा ठोका लांबतो. मधले टप्पे जवळजवळ नाहीत, त्यामुळे परिणाम पुढच्याच एक-दोन ठोक्यांत दिसतो. उलट, वेग वाढवणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंचा निरोप ग्राहक, प्रथिन, विकर (एन्झाइम), चक्रीय एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू आणि आणखी एक विकर अशा साखळीतून जातो आणि पूर्ण परिणामाला कित्येक सेकंद घेतो. थोडक्यात, ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा चपळ आहे.

आणि या चपळ ब्रेकवर आपला थोडा हात पोचतो, श्वासातून. श्वास आत घेताना लंबमज्जेतलं श्वसनकेंद्र व्हेगसच्या हृदयाकडे जाणाऱ्या पेशींना गप्प करतं. श्वास सोडताना त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणून श्वास घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते. कार्ल लुडविग यांनी 1847 मध्ये हे कुत्र्यांत नोंदवलं होतं. मनगटावर बोटं ठेवा, चार सेकंद श्वास घ्या, सहा सेकंद सोडा. फरक बोटांना कळतो, आणि तरुण वयात तो अधिक ठळक असतो.

आता बाईंच्या सल्ल्यातला अर्धा भाग आठवा. मी छाती भरून श्वास घेतला आणि धरून ठेवला. म्हणजे ब्रेक सोडणारी बाजू तेवढी केली!

मला या भटक्या मज्जातंतूची सगळ्यात आवडती गोष्ट पुढे आहे. स्वरयंत्राच्या स्नायूंनाही तोच हलवतो. त्याची डावी शाखा गळ्याजवळून सरळ खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि परत वर येऊन स्वरयंत्राला मिळते. जिराफात हा वळसा काही मीटरचा होतो. काळीज आणि कंठ एकाच दोरीला बांधलेले आहेत. दोन्हींकडे जाणारे धागे वेगवेगळे आहेत हे खरं, पण भीतीने स्वरयंत्राचे स्नायू ताठरले की स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज चढतो. त्यात हायस्कूलच्या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र वाढत असतं, आवाज फुटत असतो. तो चिरकला तर ती वाढीची खूण आहे, भेकडपणाची नव्हे.

एरवी श्वास घेण्यात आपला चाळीस टक्क्यांच्या आसपास वेळ जातो. बोलताना हा वाटा दहा टक्क्यांवर येतो, बाकी सगळा उच्छ्वास. म्हणजे निवांत बोलणं हा मुळातच ब्रेक दाबणारा श्वास आहे. घाबरलेला मुलगा मात्र वाक्य संपायच्या आत वरवरचे भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि मग पाठांतर आठवत नाही. म्हणून मुलांना आधी पूर्णविराम शिकवावा असं माझं मत आहे. पहिली तीन वाक्यं आखूड ठेवायची आणि प्रत्येकानंतर श्वास पूर्ण सोडून थांबायचं. हावभाव नंतर.

हावभावांवरून आठवलं. ‘संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, बाकी 93 टक्के आवाज आणि देहबोली’ हे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हमखास ऐकवतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द ऐकवून बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढंच ओळखायचं होतं. हे भाषणांना लागू नाही असं खुद्द मेहराबियन सांगत आले. तसं असतं तर परक्या भाषेतलं व्याख्यान आपल्याला 93 टक्के समजलं असतं. या आकड्याची किंमत ‘लकी’ पेनाएवढीच.

ही भीती हायस्कूलमध्येच का उसळते? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात 9 ते 17 वर्षांच्या मुलांना चित्रफितीतल्या श्रोत्यांपुढे भाषण करायला लावलं. वयाबरोबर शरीराचा ताणाचा प्रतिसादही वाढत गेला. लोक आपल्याला तोलताहेत ही जाणीव याच वयात धारदार होते. तिच्यावर एक स्वस्त उतारा आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवलं की वक्त्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही. ही गोष्ट भाषणाआधी सांगितलेले विद्यार्थी, न सांगितलेल्यांपेक्षा चांगलं बोलले.

सरावाचं काय? त्याच वर्षी ट्रियरची चाचणी चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीनदा दिलेल्यांची नोंद प्रसिद्ध झाली. कॉर्टिसॉलची उसळी दर वेळी कमी होत गेली. हृदयाची धडधड मात्र जवळपास तेवढीच राहिली. माझीही तशीच राहिली आहे. बोलायला उभं राहण्याआधी नाडी आजही शंभरीच्या पुढे असते. फक्त आता मी पायरीपाशी आधी श्वास सोडते, मग वर चढते.