गरोदरपणातील ताण आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

‘गरोदरपणी कितीही ताण आला तरी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या की बाळाच्या मेंदूला धक्का लागत नाही’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. (अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींची हानी रोखणारी ‘क’, ‘ई’ जीवनसत्त्वांसारखी द्रव्ये.) या संदेशाचे मूळ उंदरांवरील प्रयोगांत आहे: गाभण मादीला अरुंद नळीत कोंडून ताण दिल्यास पिल्लांच्या मेंदूत बदल आढळतात, आणि काही प्रयोगांत अँटिऑक्सिडंटमुळे ते कमी झालेले दिसले. मात्र उंदराच्या पिल्लाच्या मेंदूची बरीच घडण जन्मानंतर होते आणि माणसाची वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा मोठा भाग निष्क्रिय करते, त्यामुळे तो निष्कर्ष स्त्रियांना जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणूनच ताण आला म्हणजे बाळाचे नुकसान झालेच, ही धास्तीही कोणत्याही आईने बाळगू नये.

गरोदर स्त्रियांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, पण त्या बाळाच्या मेंदूसाठी नव्हे, तर गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार टाळण्यासाठी. तो विकारही टळला नाही. पडताळणी सोपी आहे: मूळ अभ्यास उंदरांवरचा की माणसांवरचा, हे आधी पाहावे, मग डबीमागचे प्रमाण वाचावे, कारण रेटिनॉलच्या रूपातील ‘अ’ जीवनसत्त्व अति झाल्यास गर्भात व्यंग येऊ शकते. आवळा, पेरू, पालेभाजी खुशाल खावी; गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि मनावरचा ताणही त्यांना तितक्याच मोकळेपणाने सांगावा.