दारू फुटत नाही, जळते

हरभरा घाट्यावर आला की यवतमाळकडच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. मग शेकोटीवर बंदुकीच्या गोष्टी निघतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दारू जरा जास्त ठासली की मारा लांब जातो.’ हा समज घातक आहे.

अमेरिकेत रिकामं काडतूस घरी पुन्हा भरणं हा कायदेशीर छंद आहे. त्याचे व्हिडिओ आता आपल्या मोबाइलवरही दिसतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. शेतरक्षणाच्या बंदुकीचा परवाना त्यासाठी चालत नाही. तरी त्या छंदातले जाणकार नवख्याला काडतूस भरायच्या चकचकीत प्रेसच्या (दाबयंत्राच्या) आधी दारूच्या मापांचं पुस्तक आणि वजनकाटा घ्यायला का सांगतात, त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे.

आजच्या काडतुसातली धूररहित दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजची असते. सेल्युलोज म्हणजे आपल्या कपाशीच्या बोंडात असतो तोच. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी 1884 मध्ये तिला बंदुकीत वापरण्याजोगं रूप दिलं. या दारूचा कण एकदम फुटत नाही, पृष्ठभागाकडून आत थराथरानं जळत जातो. चुलीत पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि बाभळीचं खोड रात्रभर धुमसतं, तसंच इथे कणाचा आकार जळण्याचा वेग ठरवतो. भरीव कण जळताना लहान होतो, म्हणून वायू कमी कमी सुटतो. कणाला मधोमध एक भोक असेल तर बाहेरचा पृष्ठभाग घटतो, आतला वाढतो आणि बेरीज जवळपास तेवढीच राहते. तोफेच्या दारूच्या कणांना सात भोकं ठेवतात. त्यात जळता पृष्ठभाग वाढतच जातो, म्हणजे गोळा पुढे सरकून जागा मोठी होत असताना वायूही जास्त सुटतो. नुसत्या भोकांनी आग काबूत ठेवायची ही युक्ती मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

यातली खरी मेख दाबाची आहे. दाब वाढला की ही दारू अधिक वेगानं जळते. जळण्याचा वेग दाबाच्या एका घातांकाच्या प्रमाणात असतो आणि हा घातांक बऱ्याचदा एकाच्या जवळ असतो. जास्त दाबाने जास्त वायू, जास्त वायूने आणखी दाब, असं चक्र फिरतं. गोळी पुढे सरकून जागा करते तेवढाच त्याला उतार. म्हणून दारू थोडी वाढवली तर गोळीचा वेग थोडाच वाढतो, दाब मात्र त्याच्या कितीतरी पुढे धावतो. बारा बोअरच्या (छऱ्यांच्या बंदुकीच्या) नेहमीच्या काडतुसाची दाबमर्यादा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 780 पट असते, .308 रायफलची 4,000 पटींच्या वर.

जुन्या काळ्या दारूचं जळणं दाबावर फारसं अवलंबून नसतं आणि ती जळून जे बनतं त्यात वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन असतो, धूर त्याचाच. म्हणूनच काळ्या दारूसाठी बनवलेल्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीत काडतुसातली धूररहित दारू ओतली की नळी फाटू शकते. नळी फाटल्यावर लिंबू-मिरची बांधून आणि नजर उतरवून पुढचा अपघात टळत नाही. तो दाबाने होतो, नजरेने नाही.

आता काट्याचं. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, सराफाच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा हवा आणि सोबत तपासणीचं प्रमाणित वजन हवं, कारण इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्यानेही सरकतो. पुस्तक दारू बनवणाऱ्या कंपनीचंच हवं, कारण त्यातले आकडे दाब मोजून काढलेले असतात. दिसायला सारख्या दोन दारूंचा जळण्याचा वेग पार वेगळा असू शकतो, त्यामुळे ‘आमची चालली, तुमचीही चालेल’ असं सांगणाऱ्या व्हिडिओवर एक ग्रेनचाही भरवसा ठेवू नये.