मन शांत, तरी छातीत धडधड

१९२४ साली ग्रेगोरिओ मारान्योन या स्पॅनिश डॉक्टरांनी २१० जणांना अ‍ॅड्रिनलिनचं, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन दिलं आणि काय होतंय ते विचारलं. धडधड आणि थरथर हे सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. पण बहुतेकांनी तेवढंच सांगितलं. भीती वाटते असं ते म्हणाले नाहीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की घाबरल्यासारखं होतंय खरं, पण घाबरलेलो मात्र नाही.

ज्यांना उगाचच धडधडतं, ते डॉक्टरांपुढे बसून जवळजवळ हेच सांगत असतात. काळजी नाही, भांडण नाही, सगळं ठीक चाललंय. तरी अचानक छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात खड्डा पडतो. त्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर ठरलेलं. जे घेतलेलंच नाही ते सोडायचं कसं?

घाबरल्यावर शरीर जे करतं ते करायला त्याला घाबरण्याची गरज नसते. हृदयाच्या वरच्या उजव्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, ठोक्यांची लय तो ठरवतो. त्याला कोणी अडवलं नाही, तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. आपण निवांत असताना ठोके ६०-७० वर राहतात, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस ही नस सतत लगाम खेचून धरते. हा लगाम जरा सैल पडला तरी वेग वाढतो, अ‍ॅड्रिनलिनची वाटही पाहावी लागत नाही. नुसतं उभं राहिलं तरी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे सरकतं आणि त्याची भरपाई हृदयाला करावी लागते. काहींच्या बाबतीत ही भरपाई प्रमाणाबाहेर जाते. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत मोठ्या माणसाचे ठोके ३० किंवा त्याहून अधिक वाढले, रक्तदाब फारसा न उतरता वाढलेलेच राहिले आणि हा त्रास महिनोन्‌महिने चालू असला, तर डॉक्टर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार करतात. अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं चिंतारोगाचा शिक्का बसलेला असतो.

बाकीचे संशयित नेहमीचेच. हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड वाढलेलं, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अपुरी झोप, दारू, रजोनिवृत्तीचा काळ. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल आणि सर्दीची काही औषधं यांचाही हा ठरलेला गुण आहे. कॅफीनचं म्हणाल, तर पोटात गेल्यावर चार-पाच तासांनीही त्यातलं निम्मं रक्तात असतं. त्यामुळे संध्याकाळच्या कॉफीचा आणि रात्रीच्या धडधडीचा संबंध चटकन लक्षात येत नाही.

मग ‘ठोका चुकला’ असं वाटतं, ते काय? बऱ्याचदा ठोका चुकत नाही, उलट लवकर पडतो. हृदयाच्या दुसऱ्याच एखाद्या कोपऱ्यातून वेळेआधी इशारा सुटतो. तोवर हृदय नीट भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका दुबळा पडतो आणि सहसा कळतही नाही. त्यानंतर जरा जास्त लांबलेली शांतता येते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा अधिक भरतं आणि पुढचा ठोका दणकन छातीवर आदळतो. आपण दचकतो तो या दणक्याने, आणि तो ठोका तर अगदी शहाणासुरता असतो! दिवसाला साधारण एक लाख ठोक्यांमध्ये असे काही आगाऊ ठोके ठणठणीत माणसांनाही पडतात. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं, म्हणून ते रात्री जास्त जाणवतात.

भीतीशिवाय येणारे पॅनिकचे झटकेही असतात. हृदयरोगाच्या तपासण्या ‘नॉर्मल’ आलेल्या काही रुग्णांमध्ये डॉक्टरांनी ते १९८०च्या दशकापासून नोंदवले आहेत: लक्षणं सगळी पॅनिकची, फक्त भीती गैरहजर. हे निदान खरं आहे आणि त्यावर उपचारही आहेत. माझा आक्षेप इतकाच, की थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासण्याआधी ते करू नये.

उलटा प्रवासही होतो. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या साहाय्याने मिनिटाला ९०० पर्यंत नेले. (उंदराचं हृदय एरवीही ६००च्या आसपास धावतं.) सुरक्षित जागी उंदरांना त्याचं काही वाटलं नाही. पण जिथे थोडा धोका होता, तिथे ते बिचकून वागू लागले. मेंदूतला ‘इन्सुला’ हा शरीराच्या आतल्या खबरी घेणारा भाग शांत केला, तेव्हा हा बिचकेपणा कमी झाला. माणसाचा मेंदू उंदराचा नाही हे मान्य, पण आधी धडधड आणि मागून भीती असा क्रम लागू शकतो, एवढं यातून दिसतं. पहिल्या झटक्यात शांत राहिलेला माणूस दहाव्या झटक्यात घाबरलेला दिसला, तर त्यात नवल नाही.

निदानातली मोठी अडचण वेळेची आहे. नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो आणि त्या दहा सेकंदांत हृदय हटकून शहाण्यासारखं वागतं. म्हणून २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगायचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावतात. तोपर्यंत आपणही काम करू शकतो: धडधड सुरू झाली की नाडीवर बोटं ठेवून मिनिटाचे ठोके मोजावेत आणि ती लय डॉक्टरांना टेबलावर बोटांनी वाजवून दाखवावी. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच बंद होणारी, मिनिटाला १५० च्या वरची नियमित लय ही हृदयाच्या विद्युतमार्गातल्या आडवाटेची खूण असू शकते. कसलाच मेळ नसलेली लय वेगळ्या आजाराकडे बोट दाखवते. हळूहळू चढून हळूहळू उतरणारी बहुधा सर्वांत निरुपद्रवी.

धडधड श्रम करताना होत असेल किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नये. आणि धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर नाडी मोजत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं.