ब्रॉडकास्ट फिल्टर (हौशी रेडिओ)

ब्रॉडकास्ट फिल्टर म्हणजे नभोवाणी केंद्रांचे प्रबळ संकेत हौशी रेडिओच्या (हॅम रेडिओच्या) रिसीव्हरमध्ये शिरण्याआधी, अँटेनाच्या वाटेवरच अडवणारे विद्युत् मंडल. मध्यम लहरी कापणारा हाय-पास फिल्टर (ठरावीक कंप्रतेच्या वरचेच संकेत पुढे सोडणारा) हा त्याचा सर्वांत रूढ प्रकार. एखाद्याच केंद्राची कंप्रता दाबणारा ट्रॅप आणि एफएम पट्टा अडवणारा फिल्टर हेही याच कुळातले.

नभोवाणीचे आणि हौशींचे पट्टे वेगळे असतात, तरी अडथळा येतो. कारण बऱ्याचदा तो रिसीव्हरच्या आतच जन्मतो. जेमतेम ऐकू येणारा दूरचा संकेत उणे १२० डीबीएमच्या (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) आसपास असतो, तर जवळच्या केंद्राचा संकेत अँटेनाच्या टोकाशी शून्य डीबीएमपर्यंत, म्हणजे ५० ओहमवर सुमारे ०.२२ व्होल्टपर्यंत, पोहोचू शकतो. हा फरक १२० डेसिबलचा. शक्तीच्या हिशेबात एक लाख कोटी पट. एवढ्या माऱ्याखाली रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर किंवा मिक्सर (संकेताची कंप्रता बदलणारा भाग) संकेत जसाच्या तसा पुढे पाठवू शकत नाही. तो संकेतांच्या कंप्रतांची आपसांत बेरीज-वजाबाकी करू लागतो. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. ८१० आणि १०४४ किलोहर्ट्झवरची दोन केंद्रे मिळून १८५४ किलोहर्ट्झवर, ऐन १६० मीटर पट्ट्यात (हौशी पट्टे तरंगलांबीवरून ओळखले जातात), एक भूत, म्हणजे प्रत्यक्षात नसलेला संकेत, उभे करतात. १५३० ची दुप्पट आणि ५४० यांची बेरीज ३६०० होते, की ८० मीटरचा पट्टाही बाटला. स्वस्त संचांत पट्टे बदलण्यासाठी वापरलेले साधे सिलिकॉन डायोडही हेच करतात, आणि दोष मात्र मिक्सरच्या माथी जातो. कधी प्रबळ केंद्राचे बोलणे दुसऱ्याच संकेतावर स्वार होऊन ऐकू येते, ते क्रॉस-मॉड्युलेशन.

एकदा मिश्रण झाले की पुढचा कितीही अरुंद क्रिस्टल फिल्टर किंवा डिजिटल नॉच (एकच कंप्रता कापणारा फिल्टर) उपयोगाचा नाही. भूत हव्या असलेल्या कंप्रतेवरच बसलेले असते. म्हणून फिल्टरची जागा सर्वांत पुढे.

फिल्टर बांधायला घेण्याआधी एक फुकटची परीक्षा करावी, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. १० डेसिबलचा अॅटेन्युएटर (संकेत ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा भाग) लावावा. खरा संकेत १० डेसिबलनेच उतरतो. दोन कंप्रतांच्या साध्या बेरजेतून झालेले भूत २० ने, आणि तिसऱ्या क्रमाचे मिश्रण (वरच्या १५३० ची दुप्पट अधिक ५४० सारखे) ३० डेसिबलने कोसळते. आवाज असा धाडकन पडला तर दोष रिसीव्हरच्या आत आहे आणि फिल्टर कामी येईल.

मध्यम लहरींचा पट्टा बहुतेक जगात १६०६.५ किलोहर्ट्झला संपतो, अमेरिका खंडांत १७०५ ला. १६० मीटरचा हौशी पट्टा १८०० किंवा १८१० पासून सुरू होतो. एवढ्या चिंचोळ्या फटीत फिल्टरचा उतार बसवायचा, हेच खरे दुखणे. साध्या चेबिशेव्ह रचनेला (फिल्टरचा एक रूढ प्रकार) त्यासाठी फार कॉइल लागतात, म्हणून जर्मन गणितज्ञ विल्हेल्म काउअर यांच्या नावाने ओळखली जाणारी एलिप्टिक रचना पसंत केली जाते. ती अडवण्याच्या पट्ट्यात ठरावीक कंप्रतांवर खोल खड्डे पाडते आणि त्यामुळे कडा तीव्र होते. मात्र खड्ड्यांच्या अधेमधे रोध थोडा कमी होतो. १६० मीटर ऐकायचेच नसेल तर कड ३ मेगाहर्ट्झला ठेवावी. पाच घटकांत काम भागते. उगाच अवघड फिल्टर बांधण्यात शहाणपण नाही.

कॉइलसाठी टी५०-२ सारखे लाल आयर्न पावडर टोरॉइड आणि एनपी० प्रकारचे (तापमानाने मूल्य न बदलणारे) सिरॅमिक कपॅसिटर चांगले. फेराइटचा गाभा प्रबळ संकेताखाली स्वतःच विकृती निर्माण करू शकतो. शेजारच्या कॉइली काटकोनात बसवाव्यात, सगळे धातूच्या डबीत बंद करावे, नाहीतर संकेत फिल्टरला वळसा घालून पलीकडे जातो. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून येणाऱ्या प्रवाहासाठी कॉमन-मोड चोक (तो प्रवाह रोखणारी कॉइल) वेगळा लागतो. फिल्टर ५० ओहमसाठी आखलेला असतो. पट्ट्याबाहेर अँटेना ५० ओहमचा उरत नाही, त्यामुळे कागदावरचा आलेख प्रत्यक्षात सरकतो. हा फिल्टर फक्त रिसीव्हरच्या वाटेत ठेवावा. त्यातून प्रक्षेपण केले तर नाजूक कपॅसिटर जळतात.

त्रास एकाच केंद्राचा असेल तर त्या कंप्रतेला लावलेला ट्रॅप पुरतो: वाटेत समांतर जोडलेली कॉइल-कपॅसिटरची जोडी, किंवा जमिनीकडे नेणारी एकसर जोडी. एफएमसाठी (८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ) तर कोअॅक्स केबलचा तुकडाही चालतो. टी-जोडाला लावलेला, टोक उघडे ठेवलेला पाव तरंगलांबीचा तुकडा त्या कंप्रतेला शॉर्ट होतो. ०.६६ वेगगुणक (केबलमधला संकेताचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) असलेल्या केबलसाठी १०० मेगाहर्ट्झला ही लांबी सुमारे ४९.५ सेंटिमीटर येते.

आरटीएल-एसडीआरसारख्या (संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ) ८ बिटांच्या स्वस्त संचांत तर फिल्टर जवळजवळ अनिवार्यच. संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा ८ बिटांचा कन्व्हर्टर सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे ५० डेसिबलच पेलतो आणि समोर येणाऱ्या सगळ्या केंद्रांची बेरीज त्याच्यावर पडते.

४० मीटरवर गोष्ट वेगळी. तेथे ७.२ मेगाहर्ट्झच्या वर लघुलहरी केंद्रे अगदी शेजारी बसतात, त्यामुळे हाय-पास कामाचा नाही. तेथे अरुंद प्रीसिलेक्टर (हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर) आणि दणकट मिक्सर लागतो. गंजलेल्या कुंपणात किंवा पन्हळीच्या सांध्यात संकेत मिसळत असतील तरीही फिल्टर हतबल. १९३३ मध्ये डच अभियंते टेलेजेन यांनी नेदरलँड्समध्ये स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकताना त्याच्यावर लक्झेम्बर्गचा कार्यक्रम ऐकला. तेथे मिश्रण रिसीव्हरमध्ये नव्हे, आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरात) झाले होते.