सोंग घेतलेलं पोर काय शिकतं?

कुडाळ-सावंतवाडीकडे पावसाची धार लागली की पोरं ओटीवर मोबाईल घेऊन बसतात आणि घरातून हाक येते, ‘मोबाईल ठेव आदी!’ हाक रास्त आहे. पण त्याआधी पोराच्या खांद्यावरून जरा डोकावून बघावं. नुसता गोळीबार चाललाय, की तो आरपीजी आहे, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा खेळ?

समजा, दहा वर्षांची मुलगी असा खेळ खेळतेय. गाठीला ५० नाणी. तलवार ४० ची, औषध १५ चं. दोन्ही परवडत नाहीत. पुढे गुहा आहे आणि सोबती जखमी. तलवारीवर गेलेलं बोट ती मागे घेते, औषध घेते, उरलेली नाणी राखून ठेवते. तेवढ्यात तिने आकडे ध्यानात धरले, मोह आवरला, पुढचा बेत आखला. या कार्यकारी क्षमता. त्यांचा मोठा भार कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर असतो आणि मेंदूचा हा भाग विशी उलटली तरी घडतच असतो.

भूमिकेचं बळ कोकणाला सांगायला नको. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात. कथानक ठरतं, पण समोरच्याने आयत्या वेळी टाकलेल्या प्रश्नाला राजाने राजासारखंच उत्तर द्यायचं असतं. खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं लेव्ह व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं, आणि मन चाळवायला शेजारी टॅबलेटवर गेम. ज्यांना बॅटमॅनसारखं पात्र बनायला सांगितलं, ती मुलं सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली.

व्हिडिओ गेमबद्दलचा पुरावा मात्र जपूनच वाचायला हवा. कॅनडातल्या शाळकरी मुलांचा चार वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१३ साली आला. आरपीजी आणि डावपेचांचे गेम जास्त खेळणाऱ्यांची प्रश्न सोडवण्याची क्षमता पुढे वाढलेली दिसली, पण ती मुलांनी स्वतःच सांगितलेली. ‘गेममुळे पोर हुशार होतं’ असं म्हणायला एवढं पुरत नाही.

पैसे टाकून नशिबाची पेटी उघडायला लावणारे गेम मी मुलांच्या हाती देणार नाही. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्या जुगारात धरल्या. झोप, शाळा, जेवण सुटून महिनोन्‌महिने गेमच सर्वस्व झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तो आजार आहे. तिथे डॉक्टरच गाठावा.

बाकी घरांत, रात्री जेवताना एवढंच विचारा: ‘तू त्या सोबत्याला का वाचवलंस? नसतं वाचवलं तर?’ गेम बहुधा इंग्रजीत असतो. त्यातली माणसं, त्यांचे हेतू, आधी काय, मग काय, हे सगळं आजीला कळेल असं मालवणीत सांगताना पोराला तो निर्णय पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, तपासावा लागतो.